किल्ली

वीस वर्षं पोरांना एकच सांगत आलो,
लेथ चालू करायच्या आधी चकची किल्ली काढ.
त्या मंगळवारी माझीच राहिली.
उद्यमबागेत, दुपारच्या पाळीत.
सुटली ती सरळ जबड्यावर.
बसू म्हणतो, नारळ फोडल्यासारखा आवाज झाला.
मला तो ऐकूच आला नाही.

हुक्केरी बाईंनी एक्स-रे उजेडाला धरला.
हाड दोन जागी गेलंय.
वरचं खालचं एकत्र बांधायचं, पाच आठवडे.
कशानं बांधायचं, ते आता ठरवूया की.

दोन-दोन दातांना तारेचे फासे घालता येतात,
झटपट, स्वस्त, पण दात भक्कम पाहिजेत.
नाहीतर चार स्क्रू, थेट हाडात.

स्क्रू म्हटल्यावर मी ताठ बसलो.
माझा जन्म आट्यांत गेला.
विचारायला गेलो तर नुसती लाळ आली,
मग कागदावर लिहिलं:
भोक पाडून, का स्वतःच आटे पाडत जातो?
बाई हसल्या. स्वतःच. दोन एमएम.
मुळाला लागला तर मात्र दात गेला,
आणि तुमचं हाड…
त्यांनी पेनानं फोटोतली फिकट जागा दाखवली,
तंबाखूनं जिथल्या दाढा कधीच नेल्या.

बीड मऊ असलं की आटे मरतात,
हे मला कुणी सांगायला नको.

प्लेट बसवली तर बांधायलाच नको, असंही म्हणाल्या.
आकडा लिहिला.
रेणुकानं कागद पालथा घातला.

राहिली पट्टी. आकड्यांची, दातांच्या ओळीभर,
एकेक दात तारेनं आवळत जायचं.
दीड तास मोडतो, हिरड्या सुजतात,
तारेची टोकं बाईंच्याच हातमोज्यांत घुसतात.
पण भार वाटला जातो.
एका बोल्टावर सगळा भार टाकू नये.
मी पट्टीवर बोट ठेवलं.

संमतीचा कागद कन्नडात.
बाईंनी मराठीत वाचला, सावकाश,
जबड्याला दवडे म्हणाल्या, मग सुधारलं.
मी हातानंच सांगितलं, चालतंय.

सिस्टरनं रेणुकाच्या हातात छोटी कातरपक्कड दिली.
उलटी आली तर डॉक्टर शोधत पळू नका,
हे उभे वेढे तुम्हीच तोडा.
तिनं कॅलेंडरच्या तारेवर दोनदा चालवून बघितली.
यांच्या पेटीतली याहून चांगली आहे, म्हणाली.

सुई टोचायच्या आधी बाई म्हणाल्या,
काय बोलायचं असेल तर आत्ता.

रेणुकाकडे बघितलं. पाच आठवड्यांचं बोलणं
एकदम कुठून सुरू करायचं?
तिच्या मागं दारात बसू,
दुसऱ्या पाळीला निघालेला, डबा काखेत.

किल्ली काढलीस का रे?
निम्मं लाळेत गेलं.
म्हणून त्याच्या भाषेत पुन्हा,
कीली तगदी?

त्यानं खिशात हात घातला
आणि वर धरून दाखवली.