बैरंग

मंडईत यंदा नाटक नाही, सिनेमा.
वडसाहून प्रोजेक्टर आला छोट्या हत्तीवर बसून.
आम्ही तणशीवर, कानाला मफलर.
पडद्यावर उमटलं : सत्य घटनेवर आधारित.
आणि लगेच, जरा घाईनंच :
सर्व पात्रे काल्पनिक.
मी पोस्टातला माणूस. एका पाकिटावर दोन पत्ते असले
की ते पोचत नाही, एवढं मला कळतं.

पाच मिनिटांत ओळखलं, ही आपली पुस्तकला.
नाव बदललेलं, साडी महागाची,
गाव नेऊन ठेवलेलं कुठल्याशा उसाच्या मुलखात.
पण शिलाई मशीन तीच,
पायडलाला बांधलेली लाल चिंधीसुद्धा.

मागच्या उन्हाळ्यात दोघं आले होते,
एक पोरगी, एक चष्मेवाला. तिच्याच हातचा चहा पिले.
म्हणाले, तुम्ही सांगितलं तर तुमच्या शब्दांत होईल,
नाही सांगितलं तर लोकांच्या.
तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.
मला नंतर म्हणाली,
"अस्संच लिहे तो बी."

सिनेमात फोन वाजतो. घोगरा आवाज, अंधार.
खऱ्यात आवाज नव्हता. खऱ्यात मी होतो.
सायकल, खाकी पिशवी, दर बुधवारी, ऐन बाजाराच्या दिवशी
एक पाकीट, तिकीट न लावलेलं.
बैरंग.
नियम असा, की घेणाऱ्यानं दुप्पट भरायचे.
धमकी त्याची, टपालखर्च तिचा.
दोन रुपये ती अस्तराच्या कापडाखालून काढायची
आणि तिकिटं मी चिकटवायचो,
माझ्या जिभेनं ओली करून.

अक्षर मी ओळखत होतो.
'म'ची गाठ उलटी. राइस मिलचा मुनीम खेमराज,
अर्ध्या गावाच्या मनीऑर्डरी तोच लिहून द्यायचा.
मी बोललो नाही. कोणाजवळच.
डाकेतलं गुपित फोडू नये, अशी शपथ होती.
शपथ मोठी सोयीची असते, बाप्पा.

तीन तासांच्या सिनेमात एकही पोस्टमन नाही.
मी सुटकेचा श्वास सोडला
आणि त्या श्वासाचीच लाज वाटली.

पत्रांत काय होतं, मला आजही माहीत नाही.
सिनेमाला माहीत होतं.
त्यांनी तिला एक मोटारसायकलवाला दिला,
दोघांना उसात नेलं,
आणि तणशीवरच्या चारशे माना
एकदम वळल्या तिकडे, जिथं ती बसली होती
मांडीवर शेंगांचा पुडा घेऊन.
इतकी वर्षं ते एका माणसाच्या मुठीत होतं, खरं असो, खोटं असो.
आता साऱ्या मंडईच्या.

शेवटी नायिका कोयता उचलते. पोरांच्या शिट्ट्या.

खरा शेवट असा :
चैताचे दिवस, गावभर मोहाचा वास.
मी दोन रुपये मागितले, तिनं माझा पेन मागितला.
पाकीट मशीनवर ठेवून, चौथी पास अक्षरात
लिहायला लागली : घेण्यास
मग थांबली.
"नकारले वेलांटी असते का जी?"
"नाई," मी म्हणालो. "सरळ आहे."

पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता.
मी ते मिलच्या गल्ल्यावर नेऊन ठेवलं, खेमराजच्या चष्म्याशेजारी.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
पुढच्या बुधवारी पिशवी हलकी होती.
त्यानंतर वीस वर्षं जगला तो,
रस्त्यात दिसला की रामराम करत.
मी पण करत होतो.

मंडई उठली. कोणीतरी पडदा गुंडाळत होतं.
पुस्तकला टरफलं ओट्यात घेऊन उभी राहिली.
एका पोरानं विचारलंच,
"काकू, खरंच असंच झालं होतं?"
तिनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

माझा हात सवयीनं खिशाशी गेला.
पेन नव्हता.