दोन ठोक्यांच्या मध्ये

टार्नफर्डला घंटा नव्हती. जहाजातच तिची कड तडकली,
आणि दुसरीसाठी पैसे उरले नव्हते.
म्हणून मी. रविवारी दोनदा, गुरुवारी एकदा,
मेंढीच्या कातड्याचा ढोल,
आणि टेकडी चढणारे काळे कोट, काळे घागरे.

बाप माझा तिकडे, जुन्या देशात,
धान्याच्या कोठारात हळू आवाजात स्तोत्रं म्हणायचा.
त्यासाठी सात महिने कोठडी.
सुटला तेव्हा त्याचे दात हलत होते.
म्हणायचा, समुद्रापल्याड मोठ्यानं म्हणता येईल.
खरंच म्हणत होतो आम्ही. मोठ्यानं, एका सुरात.
सूर सुटला की दंड, पाच शिलिंग.

मेहिटेबल स्टॅग सूर सोडत नव्हती,
ती म्हणतच नव्हती काही.
बाकावर बसायची हात उलटे ठेवून,
आतला उजेड बोलेल तेव्हा बोलेन, म्हणायची.
हद्दपारीच्या दिवशी तिला गाडीच्या मागे बांधली
आणि मला सांगितलं :
तिनं तोंड उघडलं की वाजव.

तिनं उघडलं. मी वाजवला.
माझा हात चांगला आहे, सगळे म्हणतात.
पण दोन ठोक्यांच्या मध्ये फट राहतेच,
कितीही जलद वाजवा.
तिथून आलं ते एवढंच :
"जेडिडाया, तुझ्या बापाच्या..."

बापाच्या काय?
दातांच्या? देवाच्या? नावाला काळिमा?
दोन हिवाळे मी ते वाक्य पुरं करत राहिलो.
मग ढोल पाठीला मारला आणि दक्षिणेला निघालो,
खाडीपलीकडे, जिथे म्हणे
कुणाच्या मनात कुणी डोकावत नाही.

अकरा घरं. मतं बहुधा चौदा.
ओबडाया रस्कला एकाही माणसाची प्रार्थना शुद्ध वाटेना,
शेवटी बायकोचीही नाही.
तो भिंतीकडे तोंड करून एकटा बसतो,
ती ओट्यावर शेंगा सोलते. भांडण नाही.
मला आवडलं हे गाव.
इथे ढोल लागतो तो फक्त मक्याच्या शेतात :
मी वाजवायचं, कावळे उडायचे, बंदुका वाजायच्या.
बारा डोक्यांना एक शिलिंग.

मग सभेला वॉसापेन आली, नदीकाठच्या वस्तीतली.
तिच्या टोपलीत काही नव्हतं. ती विकायला आलेली नव्हती.
म्हणाली, नैर्ऋत्येला मोठ्या देवाचं शेत आहे.
तिथून कावळ्यानं आणला एका कानात मक्याचा दाणा,
दुसऱ्या कानात घेवड्याचा.
हाकलतो आम्हीही, पोरं बसवतो राखणीला. मारत नाही.

ओबडाया उठला. भला माणूस, आवाजही मऊ.
"तिनं हवं ते मानावं. इथे कोण अडवतंय?
पण कावळे आपले आहेत.
जमिनीबरोबर घेतलेत,
चाळीस वाव शिंपल्यांच्या माळा आणि दहा कोट देऊन."

ती पुन्हा बोलायला लागली,
आणि अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
काही म्हणाले नाहीत, नुसतं पाहिलं.
हाताला सांगावं लागत नाही, हात ओळखतो.
टिपऱ्या मी मांडीखाली घेतल्या
आणि त्यांच्यावर बसून राहिलो.

तेवढंच जमलं. तिचं सगळं ऐकलं गेलं,
शेवटच्या शब्दापर्यंत.
मग हात वर झाले. नऊ विरुद्ध दोन.
दुसरा हात शेंगा सोलणारीचा होता, तो मोजला नाही,
म्हणजे नऊ विरुद्ध एक.

आज कुंपणावर एक उलटा टांगलाय, बाकीच्यांना धाक म्हणून.
संध्याकाळी कुणी नाही असं बघून मी जवळ गेलो.
कावळ्याचा कान लवकर सापडत नाही,
पिसांखाली असतो, बारीक, ओलसर.
मी करंगळीनं पिसं बाजूला केली
आणि बराच वेळ बघत राहिलो.