उंबरठ्यांची वही

नोदार आठवडाभर टेप घेऊन हिंडला
तिबिलिसीच्या चढउतारांवरून.
वहीत पावांची नावं नाहीत, नुसते सेंटिमीटर:
कोपऱ्यावरची बेकरी, उंबरठा अकरा.
चर्चमागची, दार रुंद, आत वळायला जागा नाही.
पुलापलीकडची सपाट,
पण तिथला पाव आईला घशाखाली उतरत नाही.

रविवारी एतेरीनं खुर्चीत बसून वही चाळली.
"आणि तळघरातली? सात पायऱ्यांची?"
ती त्यानं खोडली होती.

तिनं चाकं तिकडेच वळवली.
भट्टीची खिडकी फुटपाथला टेकलेली.
आम्ही सगळे कमरेवर हात ठेवून, कण्हत वाकलो.
ती जराशी झुकली फक्त.
खालून एक पिठाळ मनगट,
होडीच्या आकाराचा गरम पाव.

टोक तिनंच मोडलं.
नोदार अजून
खिडकीची उंची मोजतोय.