बारा वाजून दहा

ऑफिसने दिलेलं वाक्य असं होतं:
'सुरक्षित राहा. तपासणी करा. आजच.'
खाली हसणारी दोन पोरं, मनिलातली,
दात इतके पांढरे
की इलोइलोत ती कुणाला आपली वाटेनात.

मी ते वाक्य रात्री अकरानंतर पाठवायचो
ॲपवर, जिथे माझा फोटो चोविशीतला आहे
आणि मी एकोणचाळीसचा.
हिरवे ठिपके पेटत जायचे, दोनशे मीटर, चारशे मीटर,
एक ठिपका पाण्यापलीकडचा, गिमारास बेटावरचा.
कुणी अंगठा दाखवायचं.
कुणी विचारायचं, जागा आहे का.
कुणी ब्लॉक करायचं, आणि त्यांचं बरोबरच होतं:
रात्री अकराला फळा-खडू कुणाला हवा असतो?

शनिवारी व्हॉलीबॉलचं कोर्ट.
बर्फाच्या पेटीत वर कलमान्सीचं सरबत, खाली किट.
रेनांते, ज्याची सर्व्हिस कुणाला उचलता येत नाही,
नेटखालून वाकून म्हणाला,
"मानोंग, सरबत दे. बाकीचं राहू दे."
झाकली मूठ त्याची, सव्वा लाखाची.
पोरं हसली. मीही.
माझी मूठ दोन हजार अकरात उघडली.
तिच्यात काय निघालं ते मी कोर्टावर सांगत नाही.
रोज सकाळी सातला, भाताआधी, एक गोळी.
तेवढंच.

गिमारासच्या ठिपक्याला नाव नव्हतं, फोटो कोंबड्याचा.
तीन आठवडे त्यानं रोगाबद्दल अक्षर विचारलं नाही.
दवाखान्याला मागचं दार आहे का?
नाही.
खिडकीवर नाव मोठ्यानं पुकारतात?
हो.
दारावरचा गार्ड, मिशीवाला, अजून आहे?
आहे.
तो माझ्या आईचा भाऊ.

मी त्याला लिहिलं: आधीपासूनच घ्यायची गोळी असते,
रोज घेतली तर विषाणूला अंगात बिऱ्हाड थाटता येत नाही.
कंडोमबद्दल लिहिलं. वीस मिनिटांत उमटणाऱ्या रेषेबद्दल.
चौदा ओळी.
त्यानं पाहिल्या. निळी खूण.
पालथा घडा कोण होता, तो की मी?

मग मी दवाखान्यासमोरच्या बाकावर
वाफाळता बाचोय घेऊन बसलो
आणि आठवडाभर गार्डचा अभ्यास केला.
सोमवारी बारा बारा.
मंगळवारी बारा नऊ.
बुधवारी पाऊस, डबा खुर्चीतच उघडला.
गुरुवारी बारा दहा, टोपी काखेत, रस्त्यापलीकडे,
चाळीस मिनिटं, त्यात एक डुलकी.
खिडकीवरच्या मार्लिनला विचारलं, नावाऐवजी नंबर चालेल?
ती म्हणाली, चालेल की.
सात वर्षांत कुणी विचारलंच नाही.

त्या रात्री पाठवलं:
'गार्ड बारा दहाला जेवायला जातो.
बुधवारी पाऊस असेल तर येऊ नको.
खिडकीवर फक्त म्हण, चौतीस.'

शुक्रवार, बारा अकरा.
पंपबोटीच्या खाऱ्या पाण्यानं पांढुरक्या झालेल्या चपला.
मागे आणखी दोघं,
एकमेकांना ओळखत नसल्यासारखे चालत.
पहिला म्हणाला, चौतीस.
दुसरा म्हणाला, चौतीस.
तिसरा, ज्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं नीट,
घसा खाकरून म्हणाला, चौतीस.
मार्लिननं मान वर केली नाही.
चौतीस क, तिनं लिहिलं, चौतीस ख, चौतीस ग.

पुढच्या बुधवारी धो धो पाऊस होता.
बारा दहाला गार्डनं डब्याला हात लावला नाही.
छत्री उघडली, माझ्याकडे एकदा बघितलं
आणि रस्ता ओलांडून गेला.
मी काही विचारलं नाही.

ऑफिसला हवंय तेच वाक्य, मोठ्या अक्षरात.
रेनांतेची मूठ अजून झाकलेली आहे.
काल त्याची सर्व्हिस माझ्या खांद्याला लागली,
आणि तो बघायला आला, सरबत न मागता.