डिपिंग

डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या पाठीवर पेशी काढली,
तिच्या दाराला घंटी.
म्हणाल्या, घंटी अडकलीय,
कुणी नसताना वाजते: वाढ, वाढ.
ही गोळी तिची तार तोडेल.
तोडेल कदाचित.

मला जीएचं पाणी आठवलं.
दिंडोरीच्या बागेत अकरा हंगाम
हिरवे घड मगात बुडवले मी,
मणी फुगावेत म्हणून.
दोनदाच बुडवायचं. तिसऱ्यांदा हात गेला
की मुकादम ओरडतो, बस!

गोकुळच्या पोटरीत मुकादम नाही.

निमाणीच्या स्टँडवर तो माझी बोटं हुंगतो,
‘औषधाचा वास’ म्हणतो.
त्याची गोळी रात्री आठला, केळ्यात लपवून.
मग काडी बांधायच्या सुतळीने
मी पोटरी मोजते, तो झोपल्यावर.
काल सुतळी जरा सैल लागली.
पुन्हा मोजली.
त्याच्या बापाला अजून बोलले नाही.