ई जागेवर आहे

चिखलीच्या घरात, कपाटाच्या दारावर
चिकटपट्टीने लावलंय कागदाचं विमान.
म्हणजे विमानाचं फक्त कपाळ:
बटणं, खटके, डायल, सगळं छापील.
रात्री साडेनऊला मी त्याच्यासमोर
जेवणाच्या खुर्चीवर बसतो
आणि हवेत हात फिरवतो.
सुलक्षा प्रश्नांची वही धरते.
'डाव्या इंजिनाला आग,' ती म्हणते,
हुमणात मीठ कमी पडलंय म्हणावं, तशी.

अठ्ठावन्न वर्षं. त्यातली तेवीस
पंख्याच्या विमानात.
दोन मुठींत सुकाणू,
गुडघ्यांमध्ये गुरासारखं थरथरणारं.
रात्री वास्कोवरून वळताना
दाबोळीची धावपट्टी मला
पाठीच्या कण्यातून दिसायची.
आता कंपनीने पंख्यांची विमानं विकली.
नव्यात डाव्या हाताला एक छोटी दांडी,
पोरांच्या खेळातली असावी अशी,
आणि जिथे सुकाणू होतं, तिथे
बाहेर सरकतं एक टेबल.
'सर, यावर जेवता येतं,' एल्डन म्हणाला.
त्याला चोविसावं लागलंय.
तो माझा जोडीदार.

वर्गात शिकवते ती ऋजुता वेर्लेकर,
माझ्या लेकीहून वर्षाने धाकटी.
तिने विचारलं, 'वयामुळे जड जातंय का, सर?'
मी म्हणालो, नाही.
मग म्हणालो, हो.
मग खरं काय ते शोधत बसलो
परतीच्या बसमध्ये, कुठ्ठाळीपर्यंत.

पाठ होतं. अजून पाठ होतं.
एल्डन एकदा वाचतो, मी चारदा, एवढंच.
अडतं ते दुसरीकडे.
बंगळूरला, सिम्युलेटरमध्ये, इंजिन गेलं
आणि माझा उजवा हात, मला न विचारता,
गेला पंख्याच्या लिव्हरकडे,
जी या विमानात कधी नव्हतीच.
मूठ मिटली. मुठीत हवा.
चार सेकंद.
चार सेकंदांत विमान फार लांब जातं.
एल्डनचा हात कुठेच गेला नाही.
त्या हाताला परतायला जुनं घर नाही.

पपा पणजीला, फाझेंदीत, टंकलेखक होते.
पोर्तुगीज यंत्र. त्याची पहिली ओळ
एच सी ई एस ए आर अशी सुरू व्हायची.
मग सत्ता गेली, साहेब गेले,
टेबलावर इंग्रजी यंत्र आलं.
पपा तेव्हा बेचाळीसचे.
ए दाबायला जावं तर टी उमटायचा.
तेरा वर्षांनी मी शाळेतून घरी यायचो,
तरी ते बलकांवावर बसून
मांडीवर बोटं वाजवत असायचे.
'गोवा दीड दिवसात सुटला,' म्हणायचे,
'बोटं अजून सुटायचीत.'

एकदा मात्र मला जवळ बोलावून
कागदावर दोन्ही ओळी काढून दाखवल्या.
जुन्या ओळीत तिसरा ई.
नव्या ओळीतही तिसरा ई.
'बाकी सगळे उठून गेले, हा बसून राहिला.
घाबरलो की आधी ह्याच्यावर बोट ठेवतो,
आणि इथून बाकीच्यांना हाका मारतो.'

माझ्या निकालपत्रात लिहिलंय: जादा सत्रं, दोन.
एल्डनच्या रकान्यात आडवी रेघ.
त्याने ते वाचलं आणि बूटाची नाडी बांधत राहिला,
बांधलेलीच.

'उजवं इंजिन गेलं,' सुलक्षा वाचते.
माझा हात सुटू पाहतो.
तो मी मांडीखाली दाबून धरतो,
आणि खाली, गार लादीवर, अनवाणी
डावा पाय आपसूक पुढे सरकतो.
कागद तिथवर पोचत नाही.
कपाटाच्या तळाशी काहीच छापलेलं नाही.
पाय बरोबर जागी आहे.

'पुढे?' ती विचारते, पान उलटत.