यादीतलं सातवं

रविवारी, एम्प्रेस गार्डन.
मृण्मयीच्या हातात शाळेची यादी, माझ्या हातात पिशवी.
जाळी पडलेलं पिंपळपान. सापडलं.
वाजणारी शेंग. बहाव्याची; माझ्या कानाशी खुळखुळवून खात्री केली.
कुणाचं तरी पीस. 'घारीचं,' मी म्हणालो.
माळी म्हणाला, 'कोंबडीचं. काल इथं डबा पार्टी होती.'
तरी तिने बरोबरची खूण केली. पीस ते पीस.

सातव्यापाशी अडलो: रिकामं घर.
गोगलगायीचा शंख उचलला, तर आत मुंगी.
ढोलीत डोकावलो, तर पिंगळ्याने डोळे वटारले.
शेवटी एक उंबर, हिरवट-तांबडं, गच्च मिटलेलं.
'उंबर फोडून केंबरं काढू नयेत,' मी आईच्या आवाजात म्हटलं.
तिने फोडलंच.
केवढी वस्ती! पंख झटकत एकेक जण निघाला,
पहिल्या पाळीला निघाल्यासारखा.
'हे तर भरलेलं,' ती वैतागली.

परतताना पाणी प्यायला माझ्याकडे थांबलो.
वानवडी, तिसरा मजला.
ओट्यावर उपडं एक ताट, एक वाटी.
खुंटीला एकच हेल्मेट.
ती हॉलभर फिरली, आतल्या खोलीत डोकावली.
'मामा, हे चालेल?'
आणि मी काही बोलायच्या आत
पेन्सिलीने खूण.
मी पंखा लावला. त्याचं बटण दोनदा दाबावं लागतं.

मग ती गॅलरीत गेली
आणि दबक्या पावलांनी परत आली.
'तुळशीच्या वाळक्या कुंडीत कबुतर बसलंय. खाली दोन अंडी.'
असं म्हणून, फार चिडून,
माझ्याकडे खोडरबर मागू लागली.